चार पायऱ्या खाली

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता माझ्या डोक्यातून गेली आहेत. चोऱ्या, मारामाऱ्या, खोट्या फिर्यादी यांची इतकी सरमिसळ झाली आहे की कोणती कोणत्या ठाण्यातली, हेही धड सांगता येणार नाही. पण नाशिकला गोदावरीच्या घाटावर घडलेला एक प्रकार मात्र मी अजून विसरू शकलेलो नाही. त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. एका माणसाच्या कानशिलावर लाठी बसली होती, आणि ती कोणी मारली हे पहिल्या दिवसापासून साऱ्या गावाला ठाऊक होते. मग तपास कसला केला, असे वाचक विचारतील. तेच सांगायला बसलो आहे. नावे मात्र कोणाचीच देणार नाही. त्या माणसांची मुलेबाळे आज नांदती आहेत.

सन एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. मी नुकताच बढतीने फौजदार होऊन शहरच्या ठाण्यात आलो होतो. अंगावरचा युनिफॉर्म नवा आणि चौकसपणाची खोड जुनी. शाळेत असताना मी वडिलांचे घड्याळ उघडून पाहिले होते आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता, पण घड्याळ कसे चालते ते कळल्याचा आनंद मारापेक्षा मोठा होता. ही खोड पोलिसाला उपयोगी पडते असे लोक समजतात. वरिष्ठांना ती फारशी आवडत नाही, हा माझा अनुभव.

त्या दिवशी सोमवती अमावस्या होती. स्नानाला खेड्यापाड्यांतून माणूस लोटला होता. बंदोबस्त कमी पडेल म्हणून हेडक्वार्टरमधून नवे शिपाईही मागवले होते. सकाळी नऊच्या सुमारास घाटावरच्या अरुंद गल्लीत एका टांग्याचे चाक निखळले आणि वाट तुंबली. गल्लीत बायका-मुले अडकली. खालून न्हाऊन येणारे लोक तसेच वर चढत राहिले असते तर ती चेंगरली असती. म्हणून जमादाराने घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर शिपायांची रांग उभी केली आणि खालच्या लोकांना थोपवून धरले. खालचे लोक थांबेनात. मागून रेटा होता, त्यांचाही इलाज नव्हता. जमादाराने शिट्टी फुंकली, एक-दोनची मोजणी दिली, रांगेने लाठ्या फिरवल्या. घटकाभरात सगळे शांत झाले. गल्लीतली मुले वाचली.

पण खाली पायरीवर एक माणूस पडला होता. शहरापासून दोन कोसांवरच्या गावचा माळी. झेंडूची पाटी घेऊन घाटावर विकायला आला होता आणि बरोबर त्याची म्हातारी आई होती. त्याच्या डाव्या कानावरून रक्त वाहत होते आणि पाटीतली फुले पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत सांडली होती. त्याच्या अगदी समोर जो शिपाई उभा होता, त्याच्याच लाठीच्या टोकाला रक्त होते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम तपासली आणि मला बोलावून एक गोष्ट सांगितली. "फौजदार, हा घाव आडवा आहे. वरून खाली आलेला नाही. कवटी वाचली ती त्यामुळेच."

मी ते वहीत लिहून घेतले. त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नव्हता.

शिपायाचा जबाब मी त्याच दुपारी घेतला. वय बावीस-तेवीस, भरतीला सात महिने झालेले. रांगेत ताठ उभा राहणारा, बूट चकचकीत ठेवणारा. त्याचे एकच पालुपद होते.

"साहेब, मी कमरेखालीच मारलं. उस्तादांनी शिकवलं तसंच."

"मग डोकं कसं फुटलं?"

"ते मला नाय सांगता येत, साहेब. माझी लाठी कमरेच्या वर गेलीच नाय."

असे खोटे बोलणारे मी पुष्कळ पाहिले होते. ते डोळे चुकवतात, नाही तर जास्तच रोखून पाहतात. हा तसे काही करत नव्हता. मात्र "समोर कोण होतं?" असे विचारले की तो आपल्या बुटांकडे पाहू लागायचा. म्हणायचा, "गर्दी होती, साहेब." मी तीनदा विचारले, तीनदा हेच उत्तर आले.

दुसऱ्या दिवशी खबर आली. घाटावर एक न्हावी बसत असे. अर्धे शहर त्याच्या वस्तऱ्याखालून जाई आणि दाढी होता होता आपल्या पोटातले सगळे ओकून जाई. तो ठाण्यात आला, इकडे-तिकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुमचा शिपाई आन् तो माळी एकाच गावचे हायेत, म्हायती हाय का? दोघांच्या घरात विहिरीच्या पाळीवरून वैर हाय. गेल्या साली कुऱ्हाडी निघाल्या होत्या."

मी गावात जाऊन आलो. खबर खरी निघाली. एका विहिरीवर दोन्ही घरांचा हक्क होता, पाण्याची पाळी ठरलेली होती, आणि ती कोणी मोडली यावरून दोन्ही घरांत बोलणे बंद होते.

झाले! सगळ्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले. वैर होते, संधी मिळाली, लाठी हातात होती. आमचे सुपरिंटेंडंट साहेब इंग्रज होते, कडक पण न्यायी. त्यांनी मला कचेरीत बोलावून सांगितले, "आठ दिवसांत कागद पुरे करा. माझ्या शिपायाने वर्दीच्या आड वैर काढलं असेल तर मी त्याला तुरुंगात पाठवीन. आधी बडतर्फी, मग खटला."

आठ दिवसांत एका तरुण पोराचे आयुष्य ठरणार होते आणि ते ठरवणारे कागद मी लिहिणार होतो. मला रात्री जेवण गोड लागेना. कारण तो आडवा घाव. ज्याला सूड घ्यायचा असतो तो लाठी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलतो आणि खाली आणतो. रागाला आडवे मारणे सुचत नाही. मारामारीच्या शंभर जखमा मी पाहिल्या होत्या, त्यात अशी एकही नव्हती.

चौथ्या दिवशी माळ्याला बोलता येऊ लागले. मी दवाखान्यात गेलो. डोक्याला पट्टी, डाव्या कानाने ऐकू येत नव्हते, म्हणून मी उजव्या बाजूला बसलो. म्हातारी पायाशी बसून होती.

"त्यानंच मारलं का?" मी विचारले.

"त्यानंच की."

"वैरापायी?"

माळ्याने आईकडे एकदा पाहिले. मग म्हणाला, "साहेब, खोटं कशाला बोलू? त्यानं माझ्याकडं बघितलंच नाय. आई पायाखाली जायला लागली व्हती. वर पाह्यलं तर हा उभा. म्हटलं, वैर असू दे, गावचा तर हाय. नाव घेऊन हाक मारली. म्हटलं, अरे आईला वर घे. दोनदा हाक मारली. ह्यो आपला आभाळाकडं बघतोय. आन् बघता बघता लाठी आली."

मला वाटले होते की जबाबाने प्रकरण सोपे होईल. ते जास्तच अवघड झाले. हाक ऐकली असेल तर समोर कोण आहे हे शिपायाला माहीत होते, आणि मग तुरुंग टळत नव्हता. हाक ऐकली नसेल तर तो निर्दोष होता. पण निर्दोष माणूस आभाळाकडे पाहत लाठी का मारतो? माळ्याचे हे बोलणे मी शिपायाला कळू दिले नाही. कागदात लिहिले आणि कागद कपाटात ठेवला.

मग मी हेडक्वार्टरच्या कवायत मैदानावर गेलो. लाठी शिकवणारे उस्ताद पलटणीतून आलेले होते. लढाई पाहिलेले, दाढीला मेंदी, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांची शिकवण्याची तऱ्हा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. दोन बांबूंच्या मधे कमरेच्या उंचीवर दोरी ताणलेली. दोरीपलीकडे गवताचा पुतळा, त्याला काळे घोंगडे गुंडाळलेले. रंगरुटाच्या, म्हणजे नव्या भरतीच्या पोराच्या, लाठीचे टोक ओल्या चुन्यात बुडवायचे. मोजणीबरोबर लाठी दोरीच्या खालून आडवी फिरवायची. घोंगड्यावर चुन्याचा पट्टा उमटे. तो मांडीवर असला तर ठीक, कमरेच्या वर गेला तर लाठी डोक्यावर धरून मैदानाला दहा फेऱ्या.

"साहेब, माझ्या हाताखालून गेलेला पोरगा झोपेतसुद्धा दोरीच्या वर लाठी नेणार नाय," उस्ताद म्हणाले. "हे अंगात जिरावं लागतं. डोक्यानं विचार करायला तिथं फुरसत कुठं?"

आणखी एक गोष्ट मला दिसली. पोरांची नजर पुतळ्यावर नव्हती. ते पलीकडच्या कडुलिंबाच्या शेंड्याकडे पाहत होते. मी कारण विचारले.

"तोंडाकडं बघायचं नाय, हा माझा कायदा हाय," उस्ताद म्हणाले. "पलटणीत शिकलो. तोंड दिसलं की राग येतो, नाय तर रहम येतो. दोन्हीनं हात बिघडतो. नजर डोक्यांच्या वरून, लाठी कमरेच्या खालून. मग कोणी मरत नाय."

हा कायदा मला मनापासून आवडला. माणसे मरू नयेत म्हणूनच तो केला होता. आभाळाकडे पाहण्याचे कोडे सुटले. पण कमरेखालची लाठी कानावर कशी गेली, हे काही सुटले नाही.

सहाव्या दिवशी मी वैतागून घाटावर गेलो आणि दाढीला बसलो. तोच न्हावी. मी त्याच्या शेजारी टेकणार, तर तो म्हणाला, "साहेब, तिथं नाय. दोन पायऱ्या खाली बसा."

"का रे बाबा? मी काय पाप केलं?"

"खाली बसलं म्हंजी डोकं आपसूक हाताला लागतंय. वाकावं लागत नाय, मानेला तरास नाय. घाटावर आमची समद्यांची हीच रीत."

मी खाली बसलो. माझे डोके बरोबर त्याच्या हातांच्या उंचीवर आले. त्याने गालाला साबण लावला आणि मी तसाच उठून उभा राहिलो. बिचाऱ्याला वाटले साबण डोळ्यात गेला. मी वर त्या जागेवर गेलो, जिथे शिपाई उभा होता. मग खाली माळी पडला होता ती पायरी मोजली. चार पायऱ्या. प्रत्येक पायरी चांगली वीतभर उंच. त्या पायरीवर न्हाव्याला उभे केले आणि माझ्या मांडीच्या उंचीवर हात आडवा धरला. हात बरोबर त्याच्या कानाच्या रेषेत आला.

साबण लावलेल्या चेहऱ्याने मी ठाण्यात परतलो. स्टेशन डायरी लिहिणारा हवालदार बराच वेळ मान खाली घालून हसत होता. मी लगेच त्या दिवशीच्या इतर जखमींची यादी काढली. दोघांच्या खांद्यांना मार, एकाच्या कोपराला, एकाचे पागोटे उडालेले. पायाला मार लागलेला एकही नव्हता! हे कागद सहा दिवस माझ्या टेबलावर होते. वैराची गोष्ट कळल्यावर बाकीच्या कागदांकडे कोणी पाहिलेच नाही, आणि त्या कोणीमध्ये मीही होतो. याची लाज मला आजही वाटते.

सातव्या दिवशी सुपरिंटेंडंट साहेबांच्या परवानगीने घाटाचा तेवढा भाग मोकळा केला. चार पायऱ्या खाली घोंगड्याचा पुतळा उभा केला. वर सहा रंगरूट आणले. त्यातल्या एकालाही विहीर, माळी, गाव यांपैकी काही ठाऊक नव्हते. उस्ताद बाजूला छाती काढून उभे होते. आपल्या पोरांची परीक्षा आहे एवढेच त्यांना सांगितले होते. माळ्यालाही साहेबांनी बोलावले होते. तो आईचा हात धरून खालच्या ओट्यावर बसला होता. आरोपी शिपाई, कमरेचा पट्टा काढून घेतलेला, दोन हवालदारांच्या मधे.

जमादाराने मोजणी दिली. पहिल्याने लाठी फिरवली. नजर सरळ पलीकडच्या देवळाच्या कळसाकडे. चुन्याचा पट्टा पुतळ्याच्या डोक्यावर उमटला. पुतळ्याला नवे घोंगडे बांधले. दुसरा. पट्टा डोक्यावर. तिसरा, चौथा, सहाही तसेच. कोणाचीही लाठी स्वतःच्या कमरेच्या वर गेली नव्हती.

साहेबांनी दोन-तीन वेळा वर-खाली जाऊन पाहिले. मग ते म्हणाले, "आपण यांना मैदानावर शिकवलं आणि पायऱ्यांवर पाठवलं. या शिपायाचा हेतू सिद्ध होत नाही. कागद बंद करा."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. शिपायाला पुढे बोलावून साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याचा पट्टा परत दिला. पोराने तो घेतला, पण कमरेला बांधला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "एक सांगायचं राह्यलंय. त्यानं मला हाक मारली होती. नाव घेऊन. दोनदा. मी ऐकली होती."

मी मनात म्हटले, अरे गाढवा, आता कशाला? हातात आलेली भाकर कोणी असे नदीत टाकते का? साहेबांनी माझ्याकडे पाहिले. कपाटातला तो जबाब त्यांनी वाचलेला होता.

खालच्या ओट्यावरून माळी उठला. ऐकू यावे म्हणून उजवा कान वर करून दोन-तीन पायऱ्या चढला. "ऐकली व्हतीस?"

"हां."

"मंग वर का नाय घेतलंस आईला? बघितलं बी नाय?"

शिपायाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. उत्तर आले ते बाजूने. उस्तादांचा एरवी मैदानभर जाणारा आवाज त्या दिवशी चार हातांवरही जेमतेम पोचला.

"त्याला मी मना केलं होतं," ते माळ्याला म्हणाले. "बघशील तर दहा फेऱ्या, असं सांगितलं होतं. या लेकराला रागवू नको. जे काय असेल ते माझ्याकडं."

माळ्याने एकदा शिपायाकडे पाहिले, एकदा उस्तादांच्या मेंदी लावलेल्या दाढीकडे. मग साहेबांना म्हणाला, "जाऊ द्या साहेब. हाक पोचली व्हती एवढं कळलं. मला वाटत व्हतं, गावच्या माणसाला माझा आवाजबी नको झाला."

हाक ऐकली असली तरी लाठी शिकवल्याप्रमाणेच फिरली होती, म्हणून साहेबांनी निकाल बदलला नाही आणि कागद बंद झाले. शिपायाला शिक्षा एवढीच झाली की पुढे सहा महिने त्याला घाटाच्या बंदोबस्ताला पाठवायचे नाही. पण ते अमलात यायच्या आधी एक गोष्ट घडली, आणि तिच्यासाठी मी हे सारे लिहिले.

त्याच आठवड्यात उस्तादांनी साहेबांकडे अर्ज केला की यापुढे कवायत मैदानावर आणि घाटावर, दोन्हीकडे व्हावी. पहिल्या दिवशी पाहायला मी मुद्दाम गेलो. दोरी नव्हती, पुतळा नव्हता. सगळे रंगरूट एका बाजूला बसवलेले. त्या शिपायाला उस्तादांनी वरच्या पायरीवर उभे केले आणि स्वतः चार पायऱ्या खाली उतरले. डोक्यावरचा फेटा काढून बाजूला ठेवला. त्यांचे टक्कल मी पहिल्यांदाच पाहिले.

त्यांनी मोजणी दिली. शिपायाने लाठी फिरवायला घेतली, नजर कळसाकडे. तेवढ्यात उस्तादांनी त्याचे नाव घेऊन हाक मारली.

शिपायाने खाली पाहिले. सरळ त्यांच्या तोंडाकडे. लाठी हातून सुटली आणि पायरीवर पडून गडगडत पाण्याकडे गेली. रंगरूट हसले नाहीत. लाठी हातून सुटणे हा त्या मैदानावरचा सगळ्यात मोठा गुन्हा होता.

"शाबास," उस्ताद म्हणाले. "हेच शिकवायचं राह्यलं होतं."

पुढे मी बरीच वर्षे नोकरी केली, वर चढत गेलो, आणि लाठीचा हुकूम देण्याची वेळही माझ्यावर अनेकदा आली. एखाद्याचे वैर आहे एवढ्यावरून त्याला गुन्हेगार ठरवायचे नाही, हे या प्रकरणाने मला शिकवले. कायदा चांगल्या हेतूने केला असला तरी तो कोणत्या जमिनीवर उभा राहून वापरायचा आहे हे जाऊन पाहावे, हेही शिकवले. पण हुकूम देण्याआधी मला आठवे ते उस्तादांचे उघडे डोके. मी थांबायचो आणि समोरच्या माणसांच्या तोंडांकडे एकदा पाहून घ्यायचो. कधी राग यायचा, कधी दया यायची. हात थोडा बिघडायचा, हे खरे आहे. त्या बिघडलेल्या हातानेच मी निवृत्त झालो.